शाळेच्या तळ्यावर दरवर्षी पोरं घसरतात, तळं बुजवायचं की काठ दुरुस्त करायचा?

आमची जिल्हा परिषदेची शाळा तापीच्या पट्ट्यात आहे, चहूकडे केळी आणि कापूस, आणि शाळेच्या मागच्या अंगाला एक तळं. तळं म्हणजे फार मोठं नाही, आठ मीटर बाय सहा मीटरचा खड्डा. मैदानात भर टाकायला कधीतरी तिथली माती काढली होती, मग पावसाचं आणि छतावरचं पाणी साचायला लागलं आणि बघता बघता बेडूक आले, चतुर आले, खंड्या तारेवर येऊन बसायला लागला. परिसर अभ्यास शिकवायला यापेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही.

पण दरवर्षी एकच गोष्ट व्हायची. जूनमध्ये शाळा उघडते, जुलैत पाणी भरतं, आम्ही पोरांना घेऊन दोन-तीन वेळा जातो, ऑगस्टमध्ये कुणीतरी घसरतं, गुडघाभर पाण्यात बसतं, ओल्या कपड्यांनी घरी जातं, दुसऱ्या दिवशी पालक शाळेत, मग शाळा व्यवस्थापन समितीची मीटिंग, आणि गेटला कुलूप. कुलूप निघेपर्यंत फेब्रुवारी उजाडतो आणि तळ्यात नुसता गाळ उरलेला असतो. सलग तीन वर्षं असंच झालं. तिसऱ्या वर्षी जो पोरगा घसरला तो चौथीतला, छातीपर्यंत पाण्यात गेला, मी चार पावलांवर होतो म्हणून हात धरून काढला. "काय व्हयनं रे?" विचारलं तर रडत रडत एवढंच म्हणाला, "पाय सटकना सर." त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यानंतरच्या दोन हंगामात जे समजलं ते सगळं लिहून ठेवतोय, कारण आजूबाजूच्या शाळांतले शिक्षक हेच विचारतात आणि फोनवर प्रत्येकाला नीट सांगता येत नाही.

आधी काय करून पाहिलं आणि का जमलं नाही ते सांगतो. पहिल्या वर्षी बोर्ड लावला, "पाण्याजवळ जाऊ नये". पोरं बोर्डाखाली उभी राहून बेडूक बघायची, त्यांना बोर्ड वाचता येत होता पण बेडूक जास्त चांगला दिसत होता, त्यात त्यांची काही चूक नाही. दुसऱ्या वर्षी बांबू आणि हिरव्या शेडनेटचं कुंपण केलं, केळीच्या रोपवाटिकेतून उरलेली नेट फुकट मिळाली होती. हा सगळ्यात वाईट निर्णय ठरला, कारण नेटमुळे आत कोण आहे ते बाहेरून दिसेनाच, मधल्या सुट्टीत दोन पोरं खालून सरकून आत गेली आणि पंधरा मिनिटं कुणाच्या लक्षात आलं नाही. ज्यांच्याकडे तळ्याभोवती नेट, पत्रा किंवा पक्की भिंत आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी ते काढा आणि आरपार दिसणारी जाळी लावा, चार फूट पुरे. रस्त्याने जाणाऱ्या माणसाला, स्वयंपाक करणाऱ्या ताईंना, वर्गातल्या शिक्षकाला, सगळ्यांना पाणी दिसलं पाहिजे. तिसऱ्या वर्षी काठावर दगड लावले. सातपुड्याच्या नाल्यातून गोटे आणले, गोल, छान दिसणारे, आणि त्याच गोट्यांवरून तो पोरगा घसरला. वाहत्या पाण्याने घासलेला गोटा मुळातच गुळगुळीत असतो, त्यावर पंधरा दिवसांत शेवाळाचा थर येतो आणि मग तो साबणासारखा होतो.

म्हणजे तिन्ही वेळा आम्ही पोरांना अडवायचं बघितलं. काठाकडे कुणी बघितलंच नाही.

मग एक वही घातली. तळ्यावर जाताना वही सोबत, कुणी घसरलं, नुसता तोल गेला तरी लिहायचं, कुठे, किती वाजता, पायात काय होतं, हातात काय होतं, काय करत होतं. जुलै ते डिसेंबर नऊ नोंदी झाल्या. मला वाटत होतं की मस्ती करणारी, पळणारी पोरं घसरत असणार. नऊमधलं एकही पोर पळत नव्हतं. सात जणं वाकून बाटलीत नाहीतर डब्यात पाणी भरत होती, दोन्ही हात पुढे, वजन पुढे, पाय काठाच्या अगदी कडेला. आणि नऊपैकी सहा एकाच कोपऱ्यात, जिथे छताच्या पाइपचं पाणी पडतं. तिथली माती कायम ओली, पाणी नेमकं तिथेच खोल, आणि पोरांना तोच कोपरा आवडतो कारण बेडकाची पिल्लं तिथेच जास्त असतात. आणखी एक, जवळजवळ सगळ्यांच्या पायात साध्या रबरी चपला होत्या. तुमच्याकडे असा त्रास असेल तर आधी ही वही घाला, दुसरं काही विकत आणण्याआधी. तुमचा कोपरा वेगळा निघेल, कारण वेगळं निघेल, पण एक कोपरा निघतोच.

आता काठ का ढासळतो ते. आपल्याकडची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 ला जातो तेव्हा शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात हे आपण लहानपणापासून बघतो. तळ्याच्या काठावर मात्र या भेगा काठाला समांतर पडतात, कारण एक बाजू मोकळी असते, माती तिकडे ओढली जाते. मग जूनचा पहिला पाऊस त्या भेगांमध्ये शिरतो, आतून माती लोण्यासारखी होते, आणि काठाचा फूट-दीड फुटाचा पट्टा वरून घट्ट दिसतो, त्यावर गवतही उगवतं, पण खालून तो सुटलेला असतो. मोठा माणूस उभा राहिला की लगेच खचतो म्हणून मोठा माणूस सावध होतो. पोराचं वजन कमी, ते उभं राहतं, काही होत नाही, आणि वाकलं की पट्टा सुटतो. काठ वरून घट्ट दिसतो म्हणून मी नुसता बघून तपासला की ठीक वाटायचा आणि पोरं गेली की घसरायची.

आणि हे दरवर्षी नव्याने होतं, कारण भेगा दरवर्षी नव्याने पडतात. गेल्या वर्षीची चांगली जागा यंदा चांगली असेलच असं नाही.

दुसरी गोष्ट उताराची. आमचा खड्डा माती काढायला खणलेला, त्यामुळे बाजू जवळपास उभ्या. उतार मोजायला सातवीच्या पोरांना लावलं, गुणोत्तराचा धडा चालूच होता. एक सरळ काठी आडवी धरायची, त्यावर अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी ठेवायची म्हणजे काठी समपातळीत आहे का ते कळतं, आणि काठीच्या टोकापासून खाली जमिनीपर्यंत फूटपट्टीने मोजायचं. (हे काम तळं कोरडं असताना, एप्रिलमध्ये, सकाळच्या शाळेत.) आमच्याकडे एक फूट पुढे गेलं की सव्वा फूट खोल जात होतं. हवं कसं, तर एक फूट खोल जायला निदान तीन फूट पुढे जावं लागलं पाहिजे, चार असेल तर उत्तम. म्हणजे पोर पडलं तरी घोट्याएवढ्या पाण्यात बसतं आणि स्वतःच उठतं. मधली खोली पण कमी करून टाकली. आमचं तळं मध्ये साडेचार फूट होतं, ते दोन फुटांवर आणलं, कडेची माती आत ढकलून. बेडकाला, चतुराच्या पिल्लाला, पाण्यावर चालणाऱ्या किड्याला दोन फूट पाणी भरपूर झालं. पाणी लवकर आटतं हे खरं आहे, पण साडेचार फूट पाणी कुलुपात ठेवण्यापेक्षा दोन फूट पाणी पोरांना बघायला मिळालेलं चांगलं.

काम असं केलं. तळ्याच्या चारही बाजू सुधारायचा नाद सोडला, एकच बाजू घेतली, पूर्वेची, पाइपच्या समोरची, जिथे सकाळी शाळेच्या इमारतीची सावली राहते. तीन मीटर रुंदीचा एक घाट. काळी माती फूटभर खरवडून बाहेर काढली, कारण काळ्या मातीवर नुसता मुरूम टाकला तर पहिल्याच पावसाळ्यात तो मातीत बसतो आणि चिखल वर येतो, हे आमच्याकडे गावरस्त्यांवर दरवर्षी दिसतं. खाली डबर, टोकदार, खाणीतला, गोटे नाही. वर वीतभर मुरूम, पाणी मारून धुमसाने ठोकला. हा उतार पाण्याच्या आत पण सहा-सात फूट गेला पाहिजे, नुसता काठापर्यंत करून थांबू नका, कारण पाणी खाली गेलं की तुमचा घाट कोरड्यात राहतो आणि पोरं पुन्हा चिखलात उतरतात. काही शाळांनी सिमेंटच्या पायऱ्या केल्यात, दिसायला छान आहेत पण शेवाळ धरतात. करायच्याच असतील तर ओल्या सिमेंटवर खराट्याच्या आडव्या रेघा ओढून घ्या, गुळगुळीत घोटू देऊ नका, गवंडी घोटणारच, तिथे उभं राहावं लागतं. आणि पाइपचं पाणी चारी काढून पलीकडच्या टोकाला सोडलं. हा चारीचा खर्च शून्य, तीन जणांची एक सकाळ, आणि माझ्या मते निम्मा त्रास तिथेच गेला.

उरलेल्या तिन्ही बाजूंना गवत आणि पाणकणीस वाढू दिलं, दाट. तिकडून पोरांना उतरताच येत नाही आणि पक्ष्यांना आडोसा मिळतो.

मुरमाचं ट्रॅक्टर कुणी दिलं ते सांगायला पाहिजे. समितीतले एक आप्पा, दरवर्षी मीटिंगमध्ये पहिले तेच म्हणायचे, "सर, तयं बुजी टाका", म्हणजे तळं बुजवून टाका. त्यांची नात दुसरीत आहे, त्यांना भीती वाटणं साहजिक होतं आणि मला त्यांचा कधी राग आला नाही. ही वही मी त्यांना दाखवली, मग काठ दाखवला, पायाने पट्टा खचवून दाखवला. आप्पांनी आयुष्य शेतात काढलंय, त्यांना मातीचं मला काय सांगावं लागणार, ते बघताक्षणी म्हणाले की हे तर विहिरीच्या काठासारखं झालंय. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आलं. पालकांना "काळजी करू नका" म्हणण्यापेक्षा काठावर आणून उभं करा, ते तुमच्यापेक्षा जास्त ओळखतात.

आता काठ नीट झाला म्हणून सगळं झालं असं नाही, तो महिन्या-महिन्याला बदलतो. जुलै-ऑगस्टला शेवाळ आणि ढासळणं, म्हणून जाण्याआधी घाटावर खराटा मारायचा, दर वेळी, आणि काठीने काठ ठोकून बघायचा, पोकळ आवाज आला की तिथे दोरी बांधून बंद. ब्लीचिंग पावडर टाकून शेवाळ घालवू नका, बेडकाची पिल्लं मरतात. सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात चांगले, पण परतीच्या पावसात दुपारनंतर विजा असतात, आम्ही मोबाइलमध्ये विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप ठेवलंय आणि गडगडलं की लगेच वर्गात, झाडाखाली थांबायचं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी पोरांना न नेता एकट्याने जाऊन या. सगळ्यात फसवा काळ डिसेंबर-जानेवारीचा. पाणी मागे सरकतं आणि मध्ये गाळाचा पट्टा उघडा पडतो, वरून वाळून पापुद्रा आलेला, त्यावर बगळा चालताना दिसतो म्हणून पोराला वाटतं आपणही चालू, आणि पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. आमच्या वहीतली एक नोंद ही आहे, पोरगी बाहेर आली, सँडल अजून आत आहे. तेव्हापासून मुरूम संपतो तिथे सुतळीला लाल चिंध्या बांधतो आणि पाणी मागे गेलं तरी चिंध्यांच्या पुढे जायचं नाही. आटणारं पाणी मोजायला एक रंगवलेली पट्टी रोवली आहे, दर सोमवारी दोघं जण घाटावरूनच आकडा वाचून फळ्यावर लिहितात.

तळ्यावर तास कसा घ्यायचा. आधी आम्ही तीस पोरांना काठावर ओळीत उभं करायचो. आता एका वेळी घाटावर फक्त चार, आणि चौघं बसलेली, उकिडवी नाही, मांडी घालून नाहीतर पाय लांब करून, म्हणजे वजन मागे राहतं. हातात चहाची गाळणी, हातभर बांबूच्या काठीला तारेने बांधलेली, म्हणजे वाकावं लागत नाही. गाळणीतलं पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं आणि ट्रे निंबाखाली न्यायचा, पाण्यापासून वीस पावलं लांब. खरा अभ्यास तिथे होतो. पांढऱ्या ट्रेमध्ये बोटभर पाण्यात जे दिसतं ते काठावरून कधीच दिसत नाही, चतुराचं पिल्लू जबडा पुढे फेकून डासाची अळी पकडतं ते आमच्या पोरांनी ट्रेमध्ये पाहिलं, सगळ्या वर्गाने, एकावर एक पडून, आणि कोरड्या जमिनीवर. तास संपला की ट्रेमधलं सगळं हळूच परत पाण्यात. पायात मागे पट्टा असलेली सँडल, नसेल तर त्या दिवशी ते पोर ट्रेपाशी बसेल. अनवाणी नको, बाभळीचे काटे असतात. बूट-मोजे पण नको.

माणसं किती लागतात हा सगळ्यांचा प्रश्न आहे, कारण बऱ्याच शाळा दोन शिक्षकी. आम्ही एक वर्ग एका वेळी नेतो आणि पोरांच्या दोन आयांना बोलावतो, आठ पोरांमागे एक मोठं माणूस बसेल असं बघतो. माणसं नसतील त्या दिवशी तळं नाही, ट्रे वर्गात. आणि इथे एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो कारण ती मी स्वतः केलेली आहे. घाटावर उभं राहणाऱ्या माणसाने दुसरं काहीही करायचं नाही, फोटो तर अजिबात नाही. आपल्याला उपक्रमाचे फोटो ग्रुपवर टाकावे लागतात, शनिवारचा उपक्रम असेल तर केंद्रप्रमुखांना पाठवावे लागतात, आणि तो चौथीतला पोरगा घसरला तेव्हा माझ्या हातात मोबाइल होता, मी फ्रेममध्ये सगळे मावतात का ते बघत होतो. आता फोटो काढणारा आणि लक्ष ठेवणारा माणूस वेगळा, आणि फोटो ट्रेपाशी काढायचे. लक्ष ठेवणाऱ्याच्या गळ्यात शिट्टी. जाताना मोजायचं, घाटावर गट बदलताना मोजायचं, येताना मोजायचं, जोड्या लावलेल्या असतात म्हणून जोडीदार नाही दिसला की पोरंच ओरडतात.

मोटरचं एक लक्षात ठेवा. परसबागेला पाणी द्यायला तळ्यात मोटर टाकलेली असेल तर पोरं जाण्याआधी नुसतं बटण बंद नाही, फ्यूज काढून खिशात ठेवायचा. आम्ही मोटर काढूनच टाकली, बादलीने पाणी घालतो.

पाण्याच्या तब्येतीबद्दल थोडक्यात. हिरवट पाणी म्हणजे वाईट असं नाही, पण वर रंग सांडल्यासारखा निळसर-हिरवा थर आला आणि वास मारायला लागला की हात घालायचा नाही, गुरं पण पाजायची नाहीत. शेजारच्या शेतातून युरियाचं पाणी येत असेल तर हे होणारच, तिकडून बांध घाला. उंदीर आणि गुरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) होतो, तो जखमेतून शिरतो, म्हणून हातापायाला जखम असलेलं पोर ट्रेला पण हात लावणार नाही, नुसतं लिहून घेईल. बाकीच्यांनी परत आल्यावर साबणाने हात, कोपरापर्यंत, आणि मगच खिचडी. सापांचं म्हणाल तर तळ्यात दिसतो तो बहुतेक वेळा दिवड, बिनविषारी, पण पोरांनी ओळखायच्या भानगडीत पडायचं नाही, दिसला की सगळे मागे. जाण्याआधी काठी आपटत एक चक्कर मारली की तो निघून जातो. दगड उचलून बघायचे नाहीत, खाली विंचू असतो.

डासांची तक्रार आमच्याकडे पण आली, "तुमच्या तळ्यामुळे डेंगू" वगैरे. यावर वाद न घालता पोरांना गाळण्या देऊन तपासायला लावलं. डेंगूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, टाक्या, टायर, फुटके डबे, आणि आपल्याकडे घरोघरी असलेले कूलर. पोरांनी गल्लीतल्या कूलरमधून अळ्या काढून आणल्या, तळ्यात त्यांना त्यामानाने फारच थोड्या सापडल्या कारण तिथे चतुराची पिल्लं त्यांना खातात. तरी मलेरियाचा डास तळ्यात होऊ शकतो, त्याची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी असते, बाकीच्यांच्या तिरक्या लटकतात, पाचवीची पोरं हे भिंगाने ओळखतात. तसल्या दिसायला लागल्या तेव्हा आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणले. ते तळ्यातच ठेवायचे, नाल्यात-नदीत सोडायचे नाहीत.

पडलंच कुणी तर. घाटाच्या खांबाला दोन वस्तू कायम टांगलेल्या असतात, दहा फुटी बांबू आणि तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन, दहा मीटर नायलॉन दोरीला बांधलेला. कॅनमध्ये थोडं पाणी ठेवायचं म्हणजे फेकता येतो, अगदी रिकामा वाऱ्याने भलतीकडेच जातो. पोरांना आम्ही एवढंच शिकवलं आहे आणि महिन्यातून एकदा मैदानावर सराव करतो, मित्र पाण्यात पडला तर आपण उतरायचं नाही, ओरडायचं, पोटावर झोपून बांबू द्यायचा, कॅन फेकायचा. एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघं जातात, अशा बातम्या दर उन्हाळ्यात वाचतो आपण. आणि बुडणारं माणूस ओरडत नाही हे मोठ्यांनी पण लक्षात ठेवा, तोंड पाण्याच्या पातळीत असतं, श्वासच घेता येत नाही तर ओरडणार कसं, मिनिटभरात सगळं शांत होतं. बाहेर काढल्यावर उलटं धरून फिरवणं, पोट दाबणं हे करू नका, त्यात वेळ जातो. श्वास चालत असेल तर कुशीवर झोपवा, चालत नसेल तर तोंडाने श्वास द्या आणि छाती दाबा, 30 दाब, 2 श्वास, आणि दुसऱ्याने 108 ला फोन लावा. हे वाचून येत नाही, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना शाळेत बोलावून सगळ्या शिक्षकांनी आणि स्वयंपाकाच्या ताईंनी हाताने करून शिका, आम्ही उशीवर शिकलो. पोर नंतर ठीक दिसत असलं तरी पाणी नाकातोंडात गेलं असेल, खोकत असेल तर दवाखान्यात न्यायचंच.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त घाबरवलं ती. नवीन घाटावर पहिलं वर्ष छान गेलं, एकही पोर घसरलं नाही. मार्चमध्ये पाचवीतली एक मुलगी, हुशार, ट्रेवर सगळ्यात जास्त रमणारी, मला म्हणाली, "सर, मन्हा मयामा बी तयं शे, मी एकलीच जास तठे, गायनी लिसन." म्हणजे तिच्या मळ्यात पण तळं आहे आणि ती गाळणी घेऊन एकटीच तिथे जाते. स्वतःची गाळणी बनवली होती तिने. आणि मळ्यातलं तळं म्हणजे शेततळं. 2016 पासून सरकारच्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेत आपल्याकडे जागोजाग झाली, केळीला त्यांचा आधार आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ते तीन मीटर खोल असतं, बाजू तिरप्या आणि त्यावर 500 मायक्रॉनचं प्लास्टिक, त्यावर शेवाळाचा थर. त्यात पडलेल्या पोहणाऱ्या माणसाला पण वर येता येत नाही, नखं लागत नाहीत, पाय टेकत नाही. आमच्या तळ्यात पाण्याची भीती गेली म्हणून ती तिकडे एकटी गेली. म्हणजे शाळेतलं तळं जितकं सुरक्षित करू तितकं पोरांना वाटणार की सगळी तळी अशीच.

मी त्याच दिवशी संध्याकाळी तिच्या मळ्यात गेलो. वडिलांना भेटलो, त्यांना ती तिथे जाते हे माहीतच नव्हतं, ते खाली बसले एकदम. दुसऱ्या दिवशी शेततळ्याच्या आडव्या अंगाने दोन्ही काठांवर खुंट ठोकून नायलॉनची जाड दोरी बांधली, दर दोन फुटांवर गाठ, आणि चारही कोपऱ्यांवरून गाठींच्या दोऱ्या तळापर्यंत सोडल्या, खाली वजन म्हणून वाळूच्या बाटल्या, आणि ट्रॅक्टरची एक जुनी ट्यूब हवा भरून काठावर. भोवती काट्यांचं तात्पुरतं कुंपण, नंतर त्यांनी जाळी केली. मग बाकीच्या पोरांना विचारलं, तेवीसपैकी नऊ जणांच्या मळ्यात शेततळं निघालं. आता दर जुलैत पहिला तास आमच्या तळ्यावर नसतोच. पहिला तास वर्गात, प्लास्टिकचा एक तुकडा, त्यावर शेवाळ चोळलेलं, फळीवर तिरपा लावलेला, आणि प्रत्येक पोराने त्यावर तळहात ठेवून वर सरकायचा प्रयत्न करायचा. हात खालीच येतो. सगळ्यांचा येतो, माझाही येतो. मग घरी न्यायला एक कागद, शेततळं आहे का, दोरी आहे का, ट्यूब आहे का, कुंपण आहे का, आणि आई-वडिलांची सही. नऊपैकी सात घरी दोऱ्या झाल्या आहेत, दोन घरी मी अजून जातो आहे.

रविवारचं मात्र अजून सुटलेलं नाही. सुट्टीच्या दिवशी गुरं राखणारी मोठी पोरं जाळीवरून उड्या मारून येतात. गुरांसाठी बाहेर वेगळा हौद बांधल्यापासून कमी झालंय, आणि त्यातल्याच दोघांना बांबू आणि कॅन वापरायला शिकवलं तेव्हापासून ते बारक्यांना आत येऊ देत नाहीत, पण बंद झालेलं नाही. कुणाकडे यावर काही चाललं असेल तर मला कळवा. आणि ज्यांना यंदा घाट करायचाय त्यांनी मुरूम आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास टाकून घ्या, तळं कोरडं असतं, आणि एकदा मृगाचा पाऊस पडला की काळ्या मातीत ट्रॅक्टर तळ्यापर्यंत जातच नाही.